थोरलीचे लोखंडी दात

मित्रांनो, चरक म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे. तेव्हा आधी तेवढे सांगून टाकतो. मी एक जुना चरक आहे. तीन लोखंडी रूळ, त्यांना फिरवणारी दातेरी चाके, बाजूला एक मोठे हातचाक, खाली रस वाहून नेणारी पन्हळ आणि हे सगळे पोटाशी धरून ठेवणारा सांगाडा, एवढाच माझा संसार. माझ्या तोंडात धाट सरकवले की पलीकडून चिपाड बाहेर पडते आणि खालून रस गळतो. याहून जास्त मला काही येत नाही. पण देवाने ज्याला जे काम नेमून दिले ते त्याने मन लावून करावे, अशा मताचा मी आहे, आणि उमेदीच्या काळात मी ते तसे केले. आता मी उघड्यावर गंजत उभा आहे. माझ्या पोटाखाली एका कोंबडीने अंडी घातली आहेत. तिची माझ्याबद्दल काही तक्रार नाही. माझी मात्र पुष्कळांबद्दल आहे. बसा, सांगतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. लाल झालेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि निवल्यावर मला बाहेर काढले. ओताऱ्याने माझ्या रुळावर हातोडीने एक टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा काही लवकर मरत नाही." आयुष्यात माझे पहिले कौतुक झाले ते हे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की लवकर न मरणे ही काही नेहमीच चांगली गोष्ट नसते.

तिथून मी आलो तो या कोरडवाहू मुलखात. इथली जमीन उसाची नव्हे. ऊस म्हणजे लाडावलेले लेकरू, त्याला वर्षभर पाणी पाजत बसावे लागते. इथे पिकायची गोड ज्वारी. दुरून पाहाल तर साधी ज्वारीच, तशीच पाने, तसेच कणीस. पण धाट सोलून चावले की तोंडात रस भरतो. हे पीक पोटाला चिमटा घेऊन वाढते, थोड्या पाण्यावर चार महिन्यांत डोक्यावर जाते. कणसाचे धान्य माणसाला, धाटाचा रस काकवीला आणि पिळून उरलेले चिपाड शेळ्यांना. तिच्या रसाची दाणेदार साखर होत नाही, गूळही नीट बसत नाही. आटवला की दाट, तांबूस काकवी होते. या घरी ती डबे भरभरून व्हायची आणि सगळी गल्ली माझ्याकडे आपापले भारे घेऊन रांग लावायची.

गोड माझ्या अंगावरून वाहून जाई. माझ्या वाट्याला येई तो आंबूस वास आणि माश्या. पण त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. वाईट वाटायला लागले ते पुढे.

या घरात दोन जावा. थोरली म्हणजे मोठी सून. नवरा लवकर गेला, एक मुलगी, ती शहरात नांदते. धाकटी तिच्यापेक्षा बरीच लहान, लेकीच्या वयाची. धाकटीचा नवरा पंप आणि इंजिने दुरुस्त करतो, म्हणून त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, घरातलेसुद्धा. माझ्या तोंडाशी बसायची ती धाकटी. बोटे किती जवळ न्यायची आणि कुठे थांबायचे, हे तिच्या हाताला माहीत होते. मी तिच्या बोटाला कधी ओरखडासुद्धा काढला नाही.

आता थोरलीचे सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिच्या दातांची आहे.

गोड ज्वारीचे बी या घरात डोळ्यांनी धरत नसत, जिभेने धरत. शेताच्या बांधाकडे एक पट्टा राखून ठेवलेला असे. त्यातली कणसे पिकून टणक झाली, की थोरली एकेक धाट कापायची, सोलायची आणि चावायची. गोड लागले तर त्याचे कणीस बियाण्याच्या टोपलीत, नाहीतर पिठाच्या. तिच्या सासूने तिला असेच शिकवले होते. कणीस मोठे दिसले म्हणून बी धरत गेले, तर धान्य वाढते आणि गोडी पळते, असे सासूचे म्हणणे. वर्षानुवर्षे अशी चावून चावून निवडलेली ती गोडी होती. दुकानात मिळणारी नव्हे.

पण दात काही वर्षानुवर्षे टिकत नाहीत. मी आलो त्या सुमारास थोरलीच्या तोंडात जे दोन दात उरले होते, ते एकमेकांसमोरसुद्धा नव्हते. धाटाची साल ओठ कापते, हिरड्यांना तर विचारू नका. पहिल्या हंगामात ती माझ्यासमोर बसून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि धाकटीला म्हणाली, "अगं, हा मेला दिवसभर नुसता चावतच असतो. याचेच दात घेऊ की उसने."

तेव्हापासून रीत पडली. एरवी मला फिरवणाऱ्या इंजिनाचा पट्टा काढून ठेवायचा. धाकटीने हातचाक फिरवायचे. थोरलीने धाटाचे कणीस कापून काखेत धरायचे आणि धाट एकटेच माझ्या तोंडात द्यायचे. रस पन्हळीत जाऊ न देता तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटून क्षणभर बसायचे. मग कणीस या टोपलीत किंवा त्या टोपलीत. त्यानंतर ओल्या फडक्याने माझे तिन्ही रूळ पुसायचे, म्हणजे एकाची गोडी दुसऱ्याला लागायला नको. मग पुढचे धाट. असे दिवसच्या दिवस चाले. संध्याकाळी धाकटी मला धुऊन, कोरडे करून तेलाचा हात लावायची आणि आत हाक मारायची, "बाई, तुमचे दात घासून ठेवलेत हो."

"उद्या सकाळी लावीन म्हणावं," आतून उत्तर यायचे.

मित्रांनो, मी पुष्कळ धाटे पिळली, पण त्या दिवसांत मी पिळत नव्हतो, चाखत होतो. लोखंडाला याहून मोठे भाग्य देवाने दुसरे दिलेले नाही.

मग एके वर्षी दुर्बीणवाला आला. तो एका मोठ्या कारखान्याचा माणूस होता. खिशातून एक लहानशी नळी काढायचा, तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचा. आत आकडा दिसे, रस किती गोड आहे त्याचा. म्हणून पोरांनी त्याचे नाव दुर्बीणवाला ठेवले. माणूस सज्जन होता, बोलायला मऊ, दिलेले पाणी पिऊन भांडे स्वतः विसळून ठेवणारा.

त्याने मिस्त्रीला समजावून सांगितले, की कारखान्यात या रसापासून अर्क काढतात आणि तो गाड्यांच्या तेलात मिसळतात. गाड्या धावतात. मिस्त्री इंजिनांचा माणूस, त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आपल्या शेतातून इंजिनाचं तेल?" तो म्हणाला. "म्हणजे ज्वारी खाऊन गाडी चालणार?"

"धान्य नको आम्हाला, नुसता रस हवा," दुर्बीणवाला म्हणाला. "ज्या दिवशी कापाल त्याच दिवशी पिळायचं. रस थांबत नाही, लगेच आंबतो. आमचा टँकर दारात येईल. फक्त गोडी ठरल्यापेक्षा कमी नको, नाहीतर टँकर परत जाईल."

मग त्याने गोडी वाढवायची युक्तीही सांगितली. कणीस कोवळे असतानाच खुडून टाकायचे. दाणा भरायला जी गोडी वर चढते ती धाटातच राहते. शिवाय दाणाच नाही, म्हणजे पाखरे नाहीत, राखण नाही.

"मग बी?" थोरलीने दारातून विचारले.

"बी दर वर्षी आम्ही देणार, आजी. नवं, जोमदार."

"आमच्याकडे आहे."

तिने बांधाकडच्या पट्ट्यातले एक धाट आणून माझ्यातून पिळून दिले. दुर्बीणवाल्याने थेंब काचेवर घेतला, उजेडाकडे पाहिले, नळी पुसली आणि पुन्हा पाहिले. "मिस्त्री, एवढा आकडा मी कुठंच पाहिला नाही."

"आकडा काय बघतोस," थोरली म्हणाली. "जीभ आहे ना तोंडात?"

त्याने बोट लावून चाखले आणि तो हसला. ते कौतुक खरे होते. पण मिस्त्रीने ते ऐकले, मनात ठेवले, आणि त्या पट्ट्याचे दिवस तिथूनच भरत आले.

सुरुवातीचे हंगाम झोकात गेले. गल्लीतल्या सगळ्यांनी कारखान्याचे बी पेरले, जवळजवळ सगळ्यांनी कणसे कोवळी खुडली, सगळा रस माझ्यातून टँकरमध्ये गेला. दुपारभर इंजिन धडधडे, मी तापे, पाहुणे मला बघायला येत. ज्यांच्या घरी थोरलीचे जुने बी होते त्यांनी ते पेरणे सोडून दिले. दर वर्षी नवे येते आहे, मग जुने कोण सांभाळणार. काकवी आटवायची मोठी काहील भिंतीला पालथी पडून राहिली. राहता राहिला तो थोरलीचा बांधाकडचा पट्टा. सगळ्या रानात कणसे काय ती तेवढ्यातच.

मग थोरलीचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू. लेकीने शहरात बोलावून घेतले, की इथे येऊन ऑपरेशन करून जा. निघायच्या दिवशी थोरली गाठोडे काखेत धरून माझ्यापाशी आली. धाकटी बरोबर होती.

"पट्टा माझा आहे," थोरली म्हणाली. "कणसं दगडासारखी होईपर्यंत हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई."

"तू नाहीच लावणार. पण दुसऱ्यांनाही लावू देऊ नकोस. तुझा स्वभाव मऊ आहे."

"तुम्ही डोळे करून या. आल्यावर आपण दोघी बसू."

"येते. यालाही तेल देत जा."

त्या वर्षी पाऊस थांबायचे नावच घेईना. कोरड्या मुलखातले हे पीक, त्याला शेवटी ऊन हवे. ढग बसून राहिले, धाटे पाणी पिऊन फुगली आणि रस पातळ पडला. टँकर दारात उभा, दुर्बीणवाला पुन्हा पुन्हा थेंब घेऊन आभाळाकडे बघतो आहे आणि मान हलवतो आहे.

"थोडंच कमी पडतंय, मिस्त्री. पण कमी म्हणजे कमी. मी नाही घेऊ शकत."

मिस्त्री विळा घेऊन बांधाकडे निघाला. धाकटीने ते पाहिले आणि माझ्यापाशी हातातले धाट टाकून ती त्याच्यामागे धावली. बांध काही लांब नव्हता. मला सगळे ऐकू येत होते.

"अहो, बाईंचा पट्टा आहे तो."

"माहीत आहे."

"कणसं दुधात आहेत अजून. दाणा दाबला तर नुसतं दूध निघतंय."

"त्यांना बी कारखान्याचं मिळेल."

"कारखान्याचं नकोय त्यांना."

"मग परत पाठवू टँकर? आपल्या एकट्याचा रस आहे का त्यात? सगळ्या गल्लीचा आहे. संध्याकाळपर्यंत आंबेल सगळा. तू सांगणार त्यांना, की आमच्या वहिनींच्या कणसांसाठी तुमचा रस ओतून द्या म्हणून?"

मित्रांनो, मिस्त्री काही दुष्ट नव्हता. त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. म्हणून तर मला जास्त राग येतो. खोटे असते तर कुणीतरी भांडले असते.

"चार धाटं तरी ठेवा," धाकटी म्हणाली. "कोपऱ्यातली."

"ठेवतो की. मी काय राक्षस आहे?"

पट्टा कापून माझ्यापुढे आला. कणसे शेळ्यांपुढे गेली. माझ्या तोंडाशी बसायचे धाकटीशिवाय कुणाला येत नव्हते, म्हणून तीच बसली. तिने वर न बघता ती धाटे एकामागून एक माझ्यात दिली. तो रस रुळांवरून उतरताना कसा दाट, जड होता, हे मला अजून आठवते. तो त्या पातळ रसात मिसळला. दुर्बीणवाल्याने पुन्हा थेंब घेतला, आकडा बसला आणि टँकर गेला. सासू, सासूची सासू आणि थोरली यांनी जन्मभर चावून जमवलेली गोडी एका टँकरातल्या पाण्याची उणीव भरून काढायला खर्ची पडली. कोणत्यातरी रस्त्यावर कोणतीतरी गाडी त्यावर धावली असेल. लवकर पोचली असेल, अशी आशा करतो.

राहिली ती कोपऱ्यातली चार धाटे. धाकटी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे जायची. कणसे भरत होती. आणखी थोडे ऊन मिळाले असते तर टणक झाली असती. पण आता एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्या रानातली कणसे कोवळेपणीच खुडलेली. कोसभर कुठेही दाणा नाही. पाखरांनी जायचे कुठे? त्यांना कुणीतरी सांगितल्यासारखी ती सगळीच्या सगळी त्या चार धाटांवर उतरली. धाकटीने कणसांना फडकी बांधली होती. पण त्या दिवशी दुसरा टँकर होता आणि तिला माझ्यापाशी बसावे लागले. उठून जाऊन बघते तो फडकी फाटलेली आणि कणसांच्या नुसत्या काड्या. मग फडकी सोडून घेऊन परत आली आणि उरलेले भारे पिळायला बसली.

पाखरांना मी दोष देत नाही. त्यांच्याशी कुणी बोलणी केली नव्हती.

थोरली परत आली ती चांगले डोळे घेऊन. तिला आता दूरचे दिसत होते, त्यामुळे बांधाकडे जायचीही गरज पडली नाही. ती अंगणातूनच बघत राहिली. धाकटी तिच्या मागे उभी होती.

"कुणी कापलं?"

"मी पिळलं, बाई."

"कापलं कुणी, ते विचारतेय."

"टँकर परत चालला होता. चार धाटं ठेवली होती. ती पाखरांनी नेली."

थोरलीने माझ्या हातचाकावर हात ठेवला. मग तिने विचारले, "रस चाखलास?"

"नाही."

"चाखायचास तरी. शेवटचा होता."

एवढेच ती बोलली. मिस्त्रीशी तर तेवढेही नाही. दोन वेळचे ताट त्याच्यासमोर ठेवायची, आणि त्याने "वहिनी" म्हटले की आत जायची. मिस्त्रीने एकदा हसत म्हटले, "अहो वहिनी, कारखान्याचं बी येणारच आहे की." त्यावर ती म्हणाली, "येऊ दे. तुमच्या दुर्बिणीलाच चाखायला द्या."

पण बी आलेच नाही. पुढच्या पेरणीच्या तोंडाशी दुर्बीणवाला एकटाच आला, नळी न घेता. अंगणात उभ्यानेच त्याने धाकटीला सांगितले, की कारखान्याला दुसरीकडून फुटके धान्य पोत्यांनी मिळू लागले आहे, त्यातूनही तसाच अर्क निघतो. "धान्य गोदामात पडून राहतं, ताई. रस थांबत नाही. वरच्यांनी ठरवलं. मी सांगून पाहिलं." त्याच्या आवाजावरून त्याने खरेच सांगून पाहिले असावे असे वाटले. त्याने पाणी घेतले नाही.

मिस्त्री अंगणात बसून राहिला. मग उठला आणि दुसऱ्याच्या पंपाला लावायला माझे इंजिन सोडवून घेऊन गेला. छपराचे पत्रे गळत्या घरावर गेले. मी उघडा पडलो. पाऊस अंगावर, ऊन अंगावर. धाकटी सुरुवातीला फडके घेऊन यायची. पण पिळायलाच काही नसलेल्या चरकाला कोण किती दिवस पुसणार? गल्लीतल्या लोकांनी माझ्याजवळून जाताना शिव्या द्यायला सुरुवात केली. ज्या चाकाला नमस्कार करून भारे टाकायचे, त्यावर ओले कपडे वाळू लागले.

धाकटी मात्र गप्प बसली नव्हती. थोरलीने पूर्वी ज्यांना ज्यांना मूठ मूठ बी दिले होते, त्या प्रत्येक घरी ती जाऊन आली. सगळीकडे तेच उत्तर. ठेवले नाही, संपले, कोंबड्यांना घातले. शेवटी ती गेली सावकाशरावांकडे. हा गल्लीच्या टोकाचा एक आळशी गृहस्थ. कोणतेही काम सांगा, "सावकाश करू" म्हणायचा, म्हणून हे नाव. कारखान्याच्या पहिल्या हंगामात एकट्या त्यानेच कणसे खुडली नव्हती, कारण त्याचा खुडायचा दिवस उजाडलाच नाही. पुढे कधीतरी ती कापून त्याने आढ्याला टांगली, झोडपायची राहिली आणि पुढे पेरायचेही राहिले.

"ही कुठली?" धाकटीने वर बघत विचारले.

"तुमच्या बाईंनीच दिलेली. त्यात कारखान्याचंही थोडं होतं बहुतेक. मी आपलं हाताला लागलं ते पेरलं."

"म्हणजे मिसळलं."

"आता ते मी कुठं वेगळं करत बसू, वहिनी? न्या की. झोडपायचं माझं काम वाचलं."

धुराने काळी पडलेली ती कणसे धाकटीने घरी आणली. थोरलीने ती उलटसुलट केली आणि बांधाकडच्या पट्ट्यात दोघींनी मिळून ती पेरली. या खेपेला राखणीला थोरली स्वतः बसली. पत्र्याचा डबा वाजवत, नव्या डोळ्यांनी आभाळ न्याहाळत. एक पाखरू बसू दिले नाही. कणसे दगडासारखी टणक झाली.

मग त्या दोघी धाटे घेऊन माझ्यापाशी आल्या. माझा तो दिवस कसा होता, हे मी तुम्हाला काय सांगू. मला वाटले, देवाने पुन्हा हाक मारली. धाकटीने हातचाकाला हात घातला. ते हलेना. तिने तेल सोडले, दगडाने ठोकले, अंगाचा भार टाकला, तेव्हा कुठे मी करकरत फिरलो. थोरलीने कणीस काखेत धरले, धाट माझ्या तोंडात दिले, तळहात पुढे केला. रस पडला. तिने तो जिभेला लावला, डोळे मिटले आणि थुंकून टाकला.

"लोखंड लागतंय."

धाकटीने रूळ घासले, पुसले. दुसरे धाट. पुन्हा तेच. माझ्या अंगाला खड्डे पडले होते, त्यांत गंज भरला होता, आणि तो घासून निघणारा नव्हता.

"गोड आहे का काय आहे, काही कळत नाही," थोरली म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "तूच चाव. तुला दात आहेत."

धाकटी खाली बसली आणि चावू लागली. एकेक धाट सोलायची, चावायची, चोथा थुंकायची आणि मान हलवायची. पिठाच्या टोपलीत कणसे पडत गेली, बियाण्याची टोपली रिकामीच. तिचे ओठ फाटले. सालीवर रक्त दिसू लागले. थोरली तिच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"नाही?"

"नाही."

"याचं काय?"

"पाणचट आहे."

ढीग संपत आला. शेवटच्या धाटांपैकी एक तिने चावले आणि ती थांबली. "हा," ती म्हणाली. "हाच तो, बाई."

"नीट सांग."

"तोच. तसाच लागतोय."

उरलेले अर्धे धाट तिने, बहुधा थोरलीने चाखू नये म्हणून, घाईघाईने माझ्या तोंडात सारले आणि चाक फिरवले. मित्रांनो, मला जीभ नाही, पण दाट रस रुळाला किंचित धरून ठेवतो आणि पातळ रस सुटून जातो, एवढे मला कळते. तो रस सुटून गेला. बरा होता. इतरांपेक्षा थोडा बरा. तो नव्हता.

थोरलीने कणीस हातात घेतले आणि अंगठ्याने दाणे चाचपले. मग कणीस धाकटीच्या ओंजळीत ठेवून म्हणाली, "खोटं बोललीस. बरं केलंस. आता ते खरं करत बस जन्मभर. दर वर्षी चाव. मी काही तोवर नाही."

धाकटीने फाटलेल्या ओठावर हात धरला. ते कणीस तिने रिकाम्या टोपलीत ठेवले. त्या टोपलीत ते एकटेच होते.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. आत्मवृत्ताच्या शेवटी, मला कुणाला दोष द्यायचा नाही, असे म्हणायची पद्धत असते. मी तसे म्हणणार नाही. दुर्बीणवाला सज्जन होता, मिस्त्री कष्टाळू होता, धाकटी मायाळू होती, गल्लीतले सगळे लोक एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारे होते. इतकी चांगली माणसे मिळून एक चांगली गोष्ट संपवू शकतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतल्या प्रत्येकाने एकदा, फक्त एकदा, थांबायला हवे होते.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या दारातही कुणीतरी येईल, गोडी मोजेल, तोंड भरून स्तुती करील आणि आजच्या आज सगळे पिळून द्या म्हणेल. द्या. पिळणे वाईट नाही, माझा जन्मच त्यासाठी आहे. पण त्याआधी बांधाकडचा एक पट्टा पिकू द्या, आणि त्याच्या राखणीला मऊ स्वभावाच्या माणसाला एकटे बसवू नका. आणि काम संपले म्हणजे ज्याने तुमच्यासाठी दिवसभर चावले, त्या यंत्राला ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा, तेलाचा हात लावा. त्याला फार वेळ लागत नाही. गंज चढायलाही फार वेळ लागत नाही, आणि एकदा चढला की पुढच्या प्रत्येक थेंबाला त्याचीच चव लागते.